सिंधूला शिकवलेलं कोपनहेगन

कोपनहेगन हे शहर मी पाहिलेलं नाही. पण तिथल्या टाऊन हॉलपासून राणीच्या राजवाड्यापर्यंत पायी कसं जायचं, वाटेत काय काय लागतं आणि थंडीत अंधार किती लवकर पडतो, हे मला आजही झोपेतून उठवून विचारा. यात बढाई नाही. एसटीत तीस वर्षं मी वाहतूक नियंत्रक होतो, लोकांच्या भाषेत कंट्रोलर. नाशिकच्या सीबीएसवरून, म्हणजे मुख्य बसस्थानकावरून, मी ज्या गावांच्या गाड्या सोडल्या त्यातली निम्मी गावं मी कधी पाहिली नाहीत. तरी तिथे जाणारा माणूस खिडकीशी येऊन विचारायचा आणि मी सांगेन त्या गाडीत निर्धास्त जाऊन बसायचा. न पाहिलेल्या गावाचा रस्ता सांगणं हाच माझा धंदा होता.

ही गोष्ट दोन हजार एक सालच्या सुरुवातीची. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि डेपोमागचं क्वार्टर सोडून आम्ही पंचवटीत, हिरावाडीला राहायला आलो होतो. आमची एकुलती एक मुलगी तृप्ती लग्नानंतर नवऱ्याबरोबर कोपनहेगनला गेलेली. जावई ललित कॉम्प्युटरवाला, मोजकं बोलणारा, माझ्यासारख्या तापट माणसालाही ज्याच्यावर चिडायला निमित्त सापडू नये असा. तृप्तीला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी होणार हे कोणी बोललंसुद्धा नाही, इतकं ते ठरलेलं होतं. पण सातव्या महिन्यात तिचं ब्लडप्रेशर वाढलं आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विमानात बसायला बंदी केली. लेक माहेरी येऊ शकत नाही म्हटल्यावर माहेरानं उठून लेकीकडे जायचं, एवढाच मार्ग उरला. ललित दोघांची तिकिटं काढायला तयार होता. पण निफाडला आमची द्राक्षाची बाग, माझा भाऊ रावजी मोटारसायकलवरून पडून पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेला, आणि फेब्रुवारी म्हणजे ऐन तोडणी. मणी भरलेल्या बागेला महिनाभर थांब म्हणता येत नाही. म्हणून माझी बायको सिंधू एकटीच जाईल असं ठरलं.

सिंधू चौथी शिकलेली. तिचा एकटीचा प्रवास म्हणजे माहेरी चांदोरीपर्यंत, तोही मी कंडक्टरला बजावून ठेवल्यावर. तिला मुंबईहून विमानात बसवायचं, मध्ये कुठेतरी विमान बदलायचं आणि पार उत्तर टोकाला उतरायचं, या विचारानं मीच रात्री उठून बसायचो. तिला मात्र विमानापेक्षा डिंकाच्या लाडवांची काळजी जास्त होती. लाडू, अळीव, बाळंतशोपा, वेखंड, सहाण, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, टोपडी असं सगळं ती रोज पिशवीत भरायची आणि रोज बाहेर काढून पुन्हा भरायची.

ललितनं एक पुस्तिका पाठवली होती. चकचकीत कागद, रंगीत फोटो, नव्यानं येणाऱ्या पाहुण्याला शहराची ओळख करून देणारी. इंग्रजीत होती. मी डिक्शनरी घेऊन ती चावून चावून वाचली आणि रोज संध्याकाळी सिंधूला समोर बसवून शिकवायला लागलो. ती तांदूळ निवडायची, मी वाचायचो. शहर समुद्राकाठी आहे. बंदराला रंगीबेरंगी घरांची ओळ आहे. पाण्याकाठी खडकावर एका मत्स्यकन्येचा पुतळा आहे, तो दिसायला लहान आहे, त्यामुळे निराश होऊ नये. सायकलींना वेगळा रस्ता असतो, त्यावर उभं राहू नये. हॉर्न कोणी वाजवत नाही. सिग्नल हिरवा झाल्याशिवाय रस्ता रिकामा असला तरी माणसं ओलांडत नाहीत. दुकानात, ऑफिसात गेल्यावर यंत्रातून नंबराची चिठ्ठी काढायची आणि आपला नंबर येईपर्यंत बसून राहायचं. लोक अनोळखी माणसाशी फारसं बोलत नाहीत, याचा अर्थ ते रागावलेत असा नाही.

मी मध्येच थांबून विचारायचो, "सांग, दुकानात गेल्यावर पहिलं काय करायचं?" ती म्हणायची, "चिठ्ठी काढायची." मग तिचे प्रश्न सुरू व्हायचे. तिथे शेगडी मिळते का, बाळाला न्हाऊ घालायला पाट असतो का, आणि दुपारीच अंधार पडतो तर तेल लावल्यावर बाळाला ऊन कुठून दाखवायचं. पुस्तिकेत यातलं काही नव्हतं. मला राग यायचा, पण तो तिच्यावर की पुस्तिकेवर हे कळायचं नाही.

शेवटी माझ्या पदरचं एक मी तिला रोज सांगायचो. काही अडलं, वाट चुकली, काही हरवलं-सापडलं, तर घाबरायचं नाही, सरळ बसस्टँड गाठायचं. जगाच्या पाठीवर कुठेही जा, जिथे बस आहे तिथे कंट्रोलर आहे.

"हे त्या पुस्तकात हाय का?" तिनं एकदा विचारलं.

"पुस्तकात कशाला लागतं? हे मी सांगतोय ना."

खरं तर हे तिला सांगायचीही गरज नव्हती. तीस वर्षं ती तेच बघत आली होती. वणीची यात्रा असो, रामनवमीचा रथ असो, कुंभमेळा असो, गर्दीत हात सुटलेलं पोर शेवटी कोणीतरी कंट्रोलरच्या केबिनमध्येच आणून सोडायचं. मी माइकवरून पुकारायचो. आईबाप लवकर सापडले तर ठीक, नाहीतर पोर मागे क्वार्टरवर सिंधूकडे जायचं. ती त्याचं तोंड धुवायची, दूधभात भरवायची, तृप्तीचं झबलं चढवायची आणि थोपटून झोपवायची. सुरगाण्याकडचं एक पोर तर दोन दिवस आमच्याकडे होतं. स्टँडवरच्या पोलीस चौकीतला हवालदार जयराम स्वतः येऊन म्हणाला होता की वहिनी, तुमच्याकडेच असू द्या, चौकीत कुठे ठेवू याला. दोन दिवसांनी बाप आला तेव्हा ते पोर सिंधूच्या कमरेला मिठी मारून बसलेलं, सोडेना. अशी किती पोरं झाली त्याचा हिशेब आम्ही ठेवला नाही.

सिंधू जानेवारीच्या शेवटी गेली आणि व्यवस्थित पोचली. तिसऱ्या दिवशी तृप्तीला मुलगी झाली. ललितनं फोन केला, मग सिंधू बोलली. ती हरखलेली होती आणि वैतागलेलीही होती. म्हणाली, "अहो, दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं. बाळंतिणीला चालत आणलं. आन् खायला काय, तर थंड पाव!" पण नात गोरीपान होती, डोळे माझ्या आईसारखे होते, आणि आता सिंधू दोघींना तेल लावून शेकणार होती, तेव्हा काळजीचं काही कारण नव्हतं. मी निफाडला जाऊन बागेत मजुरांना पेढे वाटले. त्या आठवड्यात मी कोणावरही ओरडलो नाही.

त्यानंतर एका दुपारी मी बागेतून घरी येऊन पाय धूत होतो तेव्हा फोन वाजला. ललित होता. आठवड्याच्या मध्येच त्याचा फोन आला म्हणजे काहीतरी बिनसलं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यानं कशाचीच चौकशी केली नाही. त्यानं विचारलं, "नाना, आईंना हिंदी कितपत येतं?"

मी म्हटलं, बाजारापुरतं. का?

मग त्यानं सांगितलं. सिंधू पोलीस ठाण्यात होती.

जे झालं ते मला तुकड्या-तुकड्यानं कळलं. थोडं ललितकडून, थोडं तृप्तीकडून, आणि खरं काय ते पुढे सिंधूकडून. ते मी सरळ लावून सांगतो.

त्या सकाळी तृप्ती आणि बाळ झोपली होती. घरातलं दूध संपलं होतं. सिंधू एव्हाना ललितबरोबर दोनदा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आली होती. तिनं स्वेटर, त्यावर ललितचा कोट, डोक्याला शाल असं सगळं चढवलं आणि एकटी निघाली. मला ते ऐकताना त्याही परिस्थितीत तिचं कौतुक वाटलं. सिग्नलला थांबली, सायकलींचा रस्ता टाळला, दुकानात जाऊन दूध घेतलं. बारीक बर्फ पडत होता. परत येताना एका बेकरीशेजारी भिंतीला लावून एक बाबागाडी उभी होती. आत बाळ होतं. जवळ कोणी नव्हतं.

सिंधू थांबली. आई इथेच कुठेतरी असेल, येईल, म्हणून थांबली. बाळाच्या दुलईवर बर्फाची भुकटी साचत होती. बेकरीच्या काचेतून तिनं आत पाहिलं, लोक खात-पीत बसले होते, बाहेर कोणाचं लक्ष नव्हतं. रस्त्यानं एक बाई गेली, तिला सिंधूनं खुणेनं बाळ दाखवलं. ती बाई बाळाकडे बघून हसली आणि निघून गेली. एक म्हातारा गेला, तोही मान डोलावून हसला आणि पुढे गेला. सिंधूचे स्वतःचे पाय बधिर व्हायला लागले तेव्हा तिनं वाकून बाळाच्या नाकाला बोट लावलं.

"बर्फावानी गार व्हतं," ती मला नंतर म्हणाली. "आन् रडत नव्हतं. थंडीत पोर रडेना म्हंजे काय समजायचं?"

तिनं समजायचं तेच समजलं. कोणीतरी बाळ टाकून गेलंय. तिनं ते उचललं, कोटाच्या आत शालीत गुंडाळून छातीशी धरलं आणि चालायला लागली. घरी नाही. घरी बाळंतीण, तिथे अनोळखी पोर कसं न्यायचं. ती गेली बसस्टँडवर. पुस्तिकेतला टाऊन हॉल तिथून जवळ होता, त्याच्यासमोर पिवळ्या बस लागतात हे मीच तिच्याकडून घोकून घेतलेलं. तिथे बसवाल्यांची काचेची इमारत होती. ती आत गेली. यंत्रातून चिठ्ठी काढली. आणि आपला नंबर येईपर्यंत, मांडीवर बाळ घेऊन, बाकावर बसून राहिली.

तिकडे बेकरीच्या वरच्या मजल्यावर मैत्रिणींबरोबर कॉफी पीत असलेली बाळाची आई खाली आली आणि तिला रिकामी गाडी दिसली.

त्या देशात लहान बाळांना बाहेर गार हवेत झोपवतात. दुपटी-दुलया घालून, अगदी बर्फातसुद्धा. आई आत दुकानात जाते, बाळ बाहेर गाडीत झोपतं आणि रस्त्यावरून जाणारा हसून पुढे जातो. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. त्या हवेनं बाळं धडधाकट होतात म्हणे. मी ती पुस्तिका त्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मत्स्यकन्येचा पुतळा लहान आहे म्हणून आधीच समजूत घातलेली, पण बाळांबद्दल एक ओळ नव्हती. लिहिणाऱ्यांना ते लिहायचं सुचलंच नसणार. मी तिला नाशिकबद्दल सांगायला बसलो असतो तर मीही असंच काहीतरी सोडून दिलं असतं.

पोलीस काचेच्या इमारतीत शिरले तेव्हा बाळ जागं होऊन सिंधूच्या मंगळसूत्राशी खेळत होतं. तिला वाटलं, कंट्रोलरनं पोलीस बोलावले, आता झालं काम. ती उठून हसत पुढे झाली. मग बाळाची आई किंचाळत आली आणि तिनं बाळ हिसकावून घेतलं. सिंधूला आनंदच झाला, आई सापडली म्हणून. तिनं हात जोडले आणि दुधाची पिशवी उचलून घरी निघाली. पोलिसांनी तिला निघू दिलं नाही.

हे सगळं ललित मला तुटक तुटक सांगत होता आणि मी ओल्या पायांनी उभा होतो. मी म्हटलं, तो फोन त्यांच्या साहेबाकडे दे. मी समजावतो. मी कंट्रोलर होतो, आमच्याकडे पोर सापडलं की असंच करतात, हे दोन मिनिटांत सांगतो. ललित म्हणाला, नाना, तसं नसतं इथे. आईंना कोणी रागावलेलं नाही, त्यांना कॉफी दिलीय, दुभाष्या बोलावलाय. मराठी कोणी मिळत नाही म्हणून हिंदीवाला येतोय. मी ओरडलो, अरे पण घाबरल्यावर तिला हिंदीत काय बोलता येणार आहे. त्यानं पुन्हा तेच सावकाश सांगितलं. न चिडणाऱ्या माणसावर ओरडून काय मिळतं ते मला तेव्हा कळलं.

आमच्या घरच्या फोनवरून परदेशी लागत नसे. मी पंचवटीतल्याच मालेगाव स्टँडवरच्या गेणूच्या एसटीडी बूथवर जाऊन बसलो. ललितच्या घरी फोन वाजायचा आणि कोणी उचलायचं नाही. तृप्ती तान्ही पोर घेऊन पोलीस ठाण्यात गेली होती हे मला नंतर कळलं. मग मी हवालदार जयरामला गाठलं. तोही निवृत्त होऊन मखमलाबाद नाक्याला राहत होता. मी म्हटलं, तू लिहून दे की सापडलेली पोरं पोलीसच आमच्याकडे आणून देत होते. जयरामनं चष्मा पुसला. म्हणाला, देवराम, म्हणशील तेवढं लिहून देतो, पण ते वाचणार कोण? मी त्याच्याकडे चहासुद्धा न घेता उठलो. तो खरं बोलला होता म्हणूनच मला त्याचा राग आला.

संध्याकाळी सिंधूला घरी सोडलं. पासपोर्ट मात्र ठेवून घेतला. चौकशी पुरी होईपर्यंत तिला देश सोडता येणार नव्हता. बाळाच्या आईची तशी काही तक्रार उरली नव्हती, असं ललित म्हणाला, पण कागद एकदा निघाला की त्याला त्याचा वेळ लागतो. ते मला काय सांगायचं, मी सरकारी नोकरीतच जन्म काढलाय.

दोन-तीन दिवसांनी नगरपालिकेची एक बाई घरी आली. घरात तान्हं बाळ आहे आणि आजी आहे, तेव्हा सगळं ठीक आहे ना हे बघायला. तृप्ती म्हणाली, फार गोड बोलणारी बाई होती, बूट काढून आत आली. तिला घरच्या दुसऱ्या कोणाशी तरी बोलायचं होतं. नाशिकला आजोबा आहेत म्हटल्यावर तिनं मला फोन लावला. तिच्याजवळ तो हिंदीवाला दुभाष्या होता, बोलण्यावरून लाहोरकडचा असावा, अदबशीर.

मला बरं वाटलं. शेवटी कोणीतरी मला विचारत होतं.

दुभाष्यानं नाव-गाव विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली विचारलं. मग म्हणाला, बाई विचारताहेत की यापूर्वी कधी आपल्या पत्नीनं अनोळखी माणसाचं मूल घरी आणलं होतं का?

"हो," मी म्हणालो. "खूप वेळा."

आणि मी सुटलो. म्हटलं, यात्रेला दोन, रथाला दोन, कुंभमेळ्यात तर खोली भरून. ती त्यांना जेवू घालायची, न्हाऊ घालायची, आमच्या मुलीचे कपडे घालायची. एकाला तर दोन दिवस ठेवलं होतं, ते तिला सोडून जायलाच तयार नव्हतं. माझा ऊर भरून आला होता. इतकी वर्षं हे कोणी विचारलं नव्हतं. मग दुभाष्या त्यांच्या भाषेत बोलला. मी एवढं बोललो आणि त्याचं बोलणं इतक्यात संपलं. मी म्हटलं, भाईसाहब, पोलिसांनीच ती पोरं दिली होती, हे सांगितलं ना? तो म्हणाला, जी, सब बता दिया. मला आजही माहीत नाही त्यानं काय सांगितलं. मी जे बोललो ते खरं होतं आणि पुन्हा विचारलं तरी मी तेच सांगेन, दुसरं काही सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

त्या रात्रीच्या फोनवर तृप्ती रडत होती. म्हणाली, "नाना, त्या नगरपालिकेच्या बाईंनी मला विचारलं, आईला बाळाजवळ एकटं ठेवणार का. मी नाही म्हटलं. तशा कागदावर सही केली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही म्हटलं नसतं तर त्या बाई आपल्या बाळाच्या मागे लागल्या असत्या. तुम्हाला इथलं माहीत नाही, नाना."

मला इथलं माहीत नाही, हे माझ्या मुलीनं मला सांगितलं, आणि ते खरंच होतं. मी विचारलं, आईला सांगितलंस का? ती म्हणाली, आई तिथेच बसली होती. भाषा समजत नव्हती, पण मी सही करताना ती माझ्याकडे बघत होती.

सगळ्यांनी सिंधूची समजूत काढली. ललितनं सांगितलं की फक्त तुम्ही आणि बाळ अशा दोघीच घरात नको, एवढंच, तृप्ती असली की काही अडचण नाही. तृप्तीनं स्वतः बाळ उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. सिंधू तेल लावायची, न्हाऊ घालायची, पण तृप्ती समोर बसलेली असेल तरच. पूर्वी फोनवर ती मला नातीचं एकेक सांगायची, आज जांभई दिली, आज माझं बोट धरलं. आता मी विचारलं की म्हणायची, बरी हाय. बारसं पुढे ढकललं होतं. मी म्हणायचो, अगं, तू काही चोरी केली नाहीस. ती म्हणायची, व्हय. आणि मग बागेचं विचारायची.

तिला परत बोलवावं असं मला रोज वाटायचं, पण पासपोर्ट नव्हता. आपण जावं असं वाटायचं, पण व्हिसाला लागणार होता महिना, आणि जाऊन मी तिथे करणार काय होतो? चौकात उभं राहून कोणाला पुकारणार होतो? मी बागेत जाऊन मजुरांवर खेकसायचो, रावजीवर खेकसायचो. एक दिवस खाली पडलेल्या घडावरून ओरडलो तेव्हा रावजी म्हणाला, भाऊ, घड मी नाही पाडला. मग मी बागेत जायचंही कमी केलं.

मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी मला राहवेना म्हणून मी गेणूच्या बूथवरून फोन लावला. सिंधूनं उचलला. तिच्या आवाजामागे बाळ रडत होतं, अगदी टाहो फोडून.

"तृप्ती कुठंय?" मी विचारलं.

ती म्हणाली, झोपलीय. रात्रभर जागी होती, अंगात ताप होता, गोळी घेऊन आत्ता कुठे डोळा लागलाय. ललित ऑफिसला गेलाय.

"मग तू उचल ना तिला."

बाळ रडत होतं.

"सिंधू, अगं रडतंय ते. तृप्ती घरात आहे, तू एकटी नाहीस. उचल."

"ती झोपलीय ना," सिंधू म्हणाली. "माझ्या हातात असताना कुनी आलं तर?"

"कोणी येत नाही. उचल तिला."

"नको. पुन्हा तृप्तीला सही करावी लागंल."

माझा आवाज चढला. बूथबाहेर थांबलेली माणसं काचेतून बघायला लागली. मी म्हटलं, मग तृप्तीला उठव. ती म्हणाली, दोनदा हाक मारली, तिला लय ताप हाय, नाय उठवत मला. मी म्हटलं, निदान थोपट तरी. ती म्हणाली, मी इथं दारात उभी हाय. इथूनच बोलतेय तिच्याशी, पण ती ऐकत नाय. इतकं साधं ती सांगत होती, जणू दूध उतू जातंय आणि तिचे हात पिठाचे आहेत.

तीस वर्षं माझ्या तोंडच्या शब्दावर गाड्या सुटल्या होत्या, आणि इथे माझी बायको माझ्या सांगण्यावरून दारातून पाळण्यापर्यंत जात नव्हती. मी उचल, उचल म्हणत राहिलो.

"तुम्हीच बोला तिच्याशी," सिंधू म्हणाली. "नवा आवाज ऐकून राहील गप."

तिनं पुढे जाऊन तो बिनवायरीचा फोन बाळाजवळ ठेवला असावा, कारण रडणं एकदम माझ्या कानात आलं. आमची नात इतक्या जवळून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी फोन दोन्ही हातांनी धरला आणि म्हणालो, "नाही रडायचं, बाई माझी. आजी आहे ना तिथे. आजी घेईल हं आता. आत्ता घेईल आजी."

फोनमध्ये लांबून सिंधूचा आवाज आला.

"असं नका सांगू तिला."